‘ओळखलंत का?’ : आठवणीचं गणित आणि आपली समीक्षा

मराठी आत्मकथनांची परीक्षणं वाचताना एक वाक्य हटकून भेटतं. लेखकाची स्मरणशक्ती इतकी तल्लख आहे, की पन्नास वर्षांपूर्वीचे प्रसंग त्याने जसेच्या तसे उभे केले आहेत. याच्या आगेमागे ‘आठवणींचा खजिना’, ‘मनाचा कप्पा’, ‘आठवणींची शिदोरी’ असे शब्द येतात. खजिना, कप्पा, शिदोरी, पेटारा ही सगळी भांडी आहेत. आठवण ही वस्तू आहे, ती कुठेतरी ठेवलेली असते आणि झाकण उघडलं की जशी ठेवली तशी हाती येते, असं हे शब्द गृहीत धरतात.

हे गृहीतक मला दोन ठिकाणी त्रासदायक वाटतं. आत्मकथनाच्या समीक्षेत त्यामुळे ‘हे खरंच असं घडलं का?’ हा एकच प्रश्न उरतो. आणि घरात, विस्मरणाचा आजार झालेल्या म्हाताऱ्या माणसाकडे आपण रिकाम्या झालेल्या कोठारासारखे बघू लागतो. भांड्याची ही उपमा तपासायला मी तीन गोष्टी शेजारी ठेवणार आहे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आणि मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची संगणकावर रचलेली प्रतिमानं. तिसरी गोष्ट साहित्याच्या पानावर परकी वाटेल. पण प्रतिमान हेही एक कथनच असतं. त्यात काय घेतलं, काय गाळलं आणि कुणाच्या नजरेतून सांगितलं, हे प्रश्न त्यालाही विचारता येतात.

*

आधी भाषेकडे बघू. ‘मी लक्षात ठेवतो’ असं आपण म्हणतो. इथे कर्ता मी आहे. पण आठवण्याची वेळ आली की ‘मला आठवतं’. कर्ता बाजूला झाला, आठवण आपणहून आली आणि मी फक्त तिचा धनी झालो. आमच्या वऱ्हाडीतही तेच : ‘मले याद येते’. ठेवणं हे माझं काम, येणं हे तिचं. विसरण्याच्या बाबतीत मात्र भाषा पुन्हा माणसाला पकडते. ‘मला विसर पडला’ असं म्हणायची सोय आहे, पण रोजच्या बोलण्यात आपण ‘तू विसरलास’, ‘बाबा विसरले’ असंच म्हणतो. आठवलं तर ती कृपा, विसरलं तर तो गुन्हा. व्याकरणातला हा पक्षपात पुढे कामाला येणार आहे.

हिप्पोकॅम्पस म्हणजे समुद्रघोडा. कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या दोन्ही अंगांना असलेला हा वळणदार भाग त्या प्राण्यासारखा दिसतो म्हणून हे नाव. 1953 साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाची फेफऱ्यासाठी शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर 2008 साली मृत्यू येईपर्यंत त्याला नव्या प्रसंगांची आठवण जवळपास राहिली नाही. बालपणाच्या बऱ्याच गोष्टी मात्र तो सांगू शकत होता. प्रसंग नोंदवायला हा भाग लागतो, हे त्यातून पक्कं झालं. नोंद होते कशी, हा प्रश्न उरला.

1971 साली डेव्हिड मार या ब्रिटिश संशोधकाने कागदावर गणित मांडून एक उत्तर सुचवलं : आठवण एका पेशीत नसते, पेशींच्या आपसांतल्या जोडण्यांत असते. त्यामुळे प्रसंगाचा एक तुकडा मिळाला तरी उरलेला प्रसंग जुळवता येतो. 1982 साली जॉन हॉपफील्ड यांनी अशा जाळ्याचं नेटकं गणिती रूप दिलं. 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना जेफ्री हिंटन यांच्याबरोबर मिळालं, त्याच्या मुळाशी हे काम आहे. हिप्पोकॅम्पसच्या ‘सीए3’ या पट्ट्यातल्या पेशी आपसांत दाट जोडलेल्या असतात, त्यामुळे हे गणित तिथे लागू पडत असावं असं मानलं जातं.

गणित न मांडता सांगायचं तर भजनी मंडळ आठवा. अख्खा अभंग एकट्याने म्हणता येईल असा माणूस मंडळात एखादाच असतो. प्रत्येकाला शेजाऱ्याचा सूर ऐकून पुढचा शब्द सुचतो आणि त्याचा शब्द ऐकून तिसऱ्याला. कुणीतरी पहिला अर्धा चरण उचलतो आणि बघता बघता सगळा अभंग उभा राहतो. तो कुणा एकाच्या कप्प्यात नव्हता, माणसांच्या एकमेकांकडे लागलेल्या कानांत होता. जाळ्यातल्या पेशीही शेजारणींचं ऐकून ‘चालू’ किंवा ‘बंद’ ठरवतात आणि हळूहळू सगळं जाळं एका ठरावावर स्थिरावतं. तो ठराव म्हणजे आठवण. इथे काढून आणलं असं काहीच नाही, जे काही आहे ते नव्याने जुळून आलं.

मंडळाचा दोषही सगळ्यांना ठाऊक आहे. एकाच चालीचे पुष्कळ अभंग पाठ झाले की एकाचा चरण दुसऱ्यात घुसतो आणि मंडळ बिनदिक्कत पुढे जातं. हॉपफील्डच्या जाळ्यात हेच होतं. मी खामगावातल्या घरी, साध्या लॅपटॉपवर, तीसेक ओळींत असं जाळं लिहून पाहिलं. बारा गुणिले बारा चौकटींत काही देवनागरी अक्षरं काढून शिकवली. ‘क’ आणि ‘ट’ अर्धे पुसून दिले तरी पुरे होऊन येत. ‘म’ आणि ‘भ’ एकत्र शिकवले की गडबड सुरू. कधी ‘भ’च्या जागी ‘म’ येई, कधी दोघांच्या मधलं असं एक अक्षर, जे मी कधीच शिकवलं नव्हतं. आणि जाळं तितक्याच ठामपणे त्यावर थांबे. बाहेरून बघताना खऱ्या आठवणीत आणि या मिश्रणात काही फरक दिसत नाही. दोन्ही ठिकाणी जाळं तितकंच निवांत असतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची साक्ष संगणकाबाहेरची आहे. 2002 साली सुसुमू तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने असे उंदीर तयार केले, ज्यांच्या सीए3 मधल्या जोडण्या अनुभवाने पक्क्या होण्याची एक वाट बंद केली होती. पाण्याखाली दडवलेला मचाण शोधायला हे उंदीर नीट शिकले. भिंतींवरच्या खुणा सगळ्या जागच्या जागी असताना ते पोहत बरोबर तिथे जात. बहुतेक खुणा काढून घेतल्या की मात्र ते भरकटत, साधे उंदीर तेवढ्यावरही पोचत. म्हणजे बिघाड झालेल्या उंदरांची आठवण गेली नव्हती. तुकड्यावरून पूर्ण चित्र जुळवण्याची शक्ती गेली होती. हा फरक ध्यानात ठेवूया.

*

आता ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, पुस्तकाचा पहिला भाग आला 1934 साली. त्यांच्या लहानपणच्या प्रसंगांत आणि ते लिहिण्यात अर्धशतकाहून मोठं अंतर आहे. तरी पुस्तक संवादांनी भरलेलं आहे. कोण काय म्हणालं, त्यावर कुणी काय ठसका दिला, सगळं. कप्प्याची उपमा मानणाऱ्या वाचकापुढे दोनच वाटा राहतात. एक, लक्ष्मीबाईंची स्मरणशक्ती अलौकिक होती असं मानून हात जोडणं. दुसरी, हे संवाद रचलेले आहेत असं मानून पुस्तकाची सत्यता थोडी कमी करणं. पहिली वाट भक्तीची, दुसरी कोर्टाची.

जाळ्याचं प्रतिमान तिसरी वाट दाखवतं. तुकडा आला, उरलेलं जुळलं. जुळवताना त्या घराचा आयुष्यभर ऐकलेला सूर, त्या माणसाची नेहमीची बोलण्याची ढब, नंतर शंभरदा सांगून घासली गेलेली गोष्ट, हे सगळं कामाला आलं. संवाद त्या दिवशीचा शब्दश: नसेल, पण त्या माणसाचाच आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 साली, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’च्या जेमतेम दोन वर्षं आधी, प्रयोगांती हेच मांडलं होतं : लोकांना परकी गोष्ट पुन:पुन्हा सांगायला लावली, तेव्हा प्रत्येक सांगण्यात ती त्यांच्या ओळखीच्या जगाच्या आकाराची होत गेली.

मग समीक्षकाचा प्रश्न बदलतो. ‘असं घडलं का?’ याऐवजी ‘कोणत्या तुकड्यावरून, कशाच्या आधाराने हे जुळलं?’ असं विचारावं लागतं. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत मला उत्तर त्यांच्या विनोदात दिसतं. जुळवणारी बाई स्वत:लाही हसते आणि ज्यांच्यामुळे सोसावं लागलं त्यांनाही. प्रसंगांचा आकार त्या हसण्याने ठरतो. जे दु:ख दुसऱ्या लेखणीतून तक्रार होऊन आलं असतं, ते इथे गोष्ट होऊन येतं. ही स्मरणशक्तीची कमाल म्हणून सोडून देणं म्हणजे त्यांचं लेखकपण काढून घेणं आहे. ‘मला आठवतं’ या व्याकरणात कर्ता नाही, पण लिहिताना कर्ता परत येतो आणि त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

आपल्या परंपरेलाही हे अगदी नवं नाही. नैयायिकांनी स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या पंक्तीत बसवलं नाही. ती आधीच्या अनुभवाच्या संस्कारातून उठते, म्हणून तिचा दर्जा वेगळा. आणि ती उठते कशाने, याची न्यायसूत्रांत लांबलचक यादी आहे. सादृश्य, वियोग, भय, सुख, दु:ख असे कितीतरी उद्बोधक त्यात आहेत. त्यांना मेंदूचं गणित आधीच कळलं होतं असा दावा कुणी करू नये. एवढंच म्हणता येईल, की आठवण म्हटल्यावर त्यांनी साठ्याइतकाच, किंबहुना अधिक, जागवणाऱ्याचा विचार केला.

*

प्रतिमानाची एवढी बाजू घेतल्यावर त्याचीही उलटतपासणी व्हायला हवी. विज्ञानाचं नाव आलं की साहित्यिक मंडळी एकतर पाठ फिरवतात नाहीतर नमस्कार करतात. दोन्ही टाळूया.

पहिली अडचण गणितातलीच आहे. हॉपफील्डच्या जाळ्यात पेशींच्या संख्येच्या साधारण 14 टक्के इतकेच नमुने मावतात. त्यापुढे गेलं की शेवटचा नमुना गळतो असं नाही, सगळंच एकदम कोसळतं. माणसाचं असं होत नाही. यावर 1986 साली इटलीच्या जॉर्जिओ पारिझी यांनी तोड काढली : जोडण्यांना मर्यादा घाला, म्हणजे जाळं जुनं विसरत जाईल आणि नवं शिकत राहील. विसरणं हा दोष न राहता चालू राहण्याची अट झाली. कल्पना सुंदर आहे. पण तिच्यात आधी जातं ते जुनं. विस्मरणाच्या आजारात बरोबर उलटं होतं. सकाळचं जेवण जातं, शाळेतली कविता राहते. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी हा क्रम 1881 सालीच नोंदवला होता. म्हणजे एकट्या हिप्पोकॅम्पसची गोष्ट अपुरी आहे. तिथे चटकन नोंदलेलं हळूहळू मेंदूच्या बाहेरच्या थरांत मुरतं, असं मानल्याशिवाय हा क्रम लागत नाही. मार यांनाही ती शंका होती, 1990 च्या दशकात तिला नीट रूप आलं. प्रतिमान जिथे चुकलं, तिथेच ते सर्वांत जास्त शिकवून गेलं.

दुसरी अडचण पातळीची आहे. हॉपफील्डच्या जाळ्यात पेशी म्हणजे नुसतं ‘चालू’ किंवा ‘बंद’. खऱ्या पेशींच्या सांध्यावर काय चालतं याची प्रतिमानं वेगळी. पुण्याच्या आयसरमध्ये काम करणाऱ्या सुहिता नाडकर्णी यांनी 2010 साली बार्टोल, सेज्नोव्स्की आणि लेव्हीन यांच्यासह हिप्पोकॅम्पसमधल्या अशा एका सांध्याचं प्रतिमान प्रसिद्ध केलं. त्यात कॅल्शियमचे कण एकेक करून, नशिबाच्या फाशांनी, इकडेतिकडे फिरतात आणि त्यावरून संदेशाची पुडी सुटते की नाही हे ठरतं. हे सांधे फार बेभरवशाचे असतात. विजेची लहर येते, आणि बहुतेक वेळा काहीच सुटत नाही. ज्या आठवणीवर आपण माणसाची ओळख उभी करतो, तिची एकेक वीट अशी बहुधा न पोचणाऱ्या निरोपाची आहे. एका सांध्याचं बारीक वर्णन आणि हजारो पेशींचं ढोबळ वर्णन यांच्यामध्ये अजून मोठी दरी आहे. कवितेतल्या एका अक्षराच्या उच्चारापासून अख्ख्या काव्यापर्यंत जाताना समीक्षकाला जी दरी लागते, तशीच.

तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते. माझ्या जाळ्याने ‘भ’च्या जागी ‘म’ दिला तेव्हा चूक मला कळली, कारण मूळ अक्षर माझ्या हाती होतं. प्रत्येक प्रतिमानात असा एक बाहेरचा माणूस असतो, ज्याच्याकडे बरोबर उत्तर आहे. त्याच्याशी ताडून ‘आठवलं’ की ‘चुकलं’ हे ठरतं. आयुष्यात ती जागा रिकामी असते. लक्ष्मीबाईंच्या बालपणाची मूळ प्रत कुणापाशीच नाही. आणि जिथे ती जागा कुणीतरी बळेच घेतो, तिथे आठवणीची परीक्षा सुरू होते.

*

‘अस्तु’ या परीक्षेबद्दलच आहे. निवृत्त संस्कृत प्राध्यापक डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांना अल्झायमर झाला आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना थोडा वेळ गाडीत बसवून जाते. त्यांना रस्त्यावर हत्ती दिसतो आणि ते त्याच्यामागे निघून जातात. पुढे माहूत आणि त्याची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) यांच्याकडे त्यांना आसरा मिळतो. ते चन्नम्माला आई म्हणू लागतात. 2013 च्या या चित्रपटासाठी सुमित्रा भाव्यांना संवादांचा आणि अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपट आजाराचा क्रम बरोबर पकडतो. शास्त्रींच्या तोंडी संस्कृत टिकून आहे, मुलगी निसटते आहे. पण त्याची खरी ताकद चन्नम्मात आहे. ती या म्हाताऱ्याची तपासणी करत नाही. तो कोण, कुठला, हे त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय तिचं काही अडत नाही. तिला शास्त्रींची मूळ प्रत ठाऊकच नाही, म्हणून ती त्यांना चुकीचे ठरवू शकत नाही. इरेला ती प्रत पाठ आहे, आणि तेच तिचं दु:ख आहे.

माझी तक्रार आहे ती भूतकाळाच्या प्रसंगांबद्दल. चित्रपट मागेपुढे जातो, आणि मागचा शास्त्री आपल्याला स्वच्छ, ठाम दिसतो. हे कुणाचं आठवणं आहे? इरेचं असेल, तर तेही जुळवलेलंच असणार. तिच्या अपराधभावाने, प्रेमाने, रागाने आकार दिलेलं. स्मृतीच्या नाजूकपणावरचा चित्रपट निरोगी माणसांच्या स्मृतीला मात्र कॅमेऱ्याचा दर्जा देतो. आजारी माणूस तेवढा चुकतो आणि बाकीच्यांना बरोबर आठवतं, ही विभागणी त्याने मोडायला हवी होती.

कारण घरोघरी हीच विभागणी चालते. खामगावात आमच्या शेजारी एक आजी होत्या. जलंबकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली की त्यांना कापसाचा हंगाम आठवे. हा फाटा मुळात 1870 साली कापसासाठीच टाकलेला. बैलगाड्यांची रांग, जिनिंगचा आवाज, नाकात जाणारी रुई, आणि गाडीवर पुढे बसलेला भाऊ. दुसऱ्या दिवशी त्याच गाडीवर मामा बसलेला असे. घरातलं कुणीतरी लगेच म्हणे, ‘मामा नाही, भाऊ होता.’ आजी गप्प होत. शिट्टीने उभा केलेला अख्खा हंगाम एका दुरुस्तीने विझून जाई. भेटायला आलेले नातेवाईक तर समोर बसून विचारत, ‘ओळखलं का मले?’ आणि सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहत.

हा प्रश्न आपल्याकडे प्रेमाने विचारला जातो, हे मी नाकारत नाही. पण तोनेगावांच्या उंदरांकडून बघा. बहुतेक खुणा काढून घ्यायच्या आणि पूर्ण चित्र मागायचं, हेच आपण करत असतो. चेहरा समोर आहे, बाकी नाव, नातं, गाव, शेवटची भेट, सगळं मुद्दाम लपवलेलं. नेमकी जी शक्ती आजाराने आधी जाते, तिचीच परीक्षा. याउलट ‘मी तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा, शेगावहून आलो, लहानपणी तुम्ही मला चिवडा द्यायच्या’ असं म्हणत आत यावं. भिंतीवरच्या खुणा परत लावाव्यात. आठवलं तर उत्तम, नाही आठवलं तरी माणसाला नापास झाल्यासारखं वाटत नाही. उंदरांवरून माणसाचा उपचार ठरत नाही, आणि यामुळे आजार बराही होत नाही. पण उत्तर लपवून ठेवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न विचारायला उपचाराची वाट बघायची गरज नाही.

आत्मकथनाचा वाचक आणि आजारी माणसाचा नातलग यांना मी एकाच मापाने मोजतो आहे असं कुणी म्हणेल. मापं वेगळी आहेत. आत्मकथनात कुणावर आरोप असेल, इतिहास सांगितला असेल, तर दुसरे पुरावे तपासलेच पाहिजेत. मिश्रणही तितकंच निवांत असतं हे कळल्यावर तर अधिकच. नुसत्या खात्रीच्या सुरावर विश्वास ठेवता येत नाही, लेखकाच्या नाही आणि स्वत:च्याही नाही. पण ती तपासणी संपल्यावरही पुस्तक शिल्लक राहतं, आणि समीक्षेचं मुख्य काम तिथे सुरू होतं : हा तुकडाच का टिकला, त्याच्याभोवती हेच का जुळलं, जुळवणाऱ्याचा हात कुठे दिसतो. ‘तल्लख स्मरणशक्ती’ हा शेरा मारून पुढे जाणाऱ्या परीक्षणाने यातलं काहीच वाचलेलं नसतं.